विसराळूपणावर ॲक्युपंक्चर: सुयांकडे वळण्याआधी आणि वळल्यानंतर

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ही तक्रार वेगळी. एकच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारला जातो, ठरलेली भेट डोक्यातून साफ जाते, वर्षानुवर्षं हातात बसलेल्या कामात मागचं पुढे होतं, आणि हे सगळं गेल्या वर्षी नव्हतं असं घरच्यांनाही जाणवतं, ही तक्रार वेगळी. या दुसऱ्या तक्रारीनंतर तपासणी झाली की कागदावर पुष्कळदा ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणजे एमसीआय असं निदान येतं. यावर खात्रीचं औषध नाही हे कळलं की माणसं दुसऱ्या वाटा शोधतात, आणि त्या शोधात ॲक्युपंक्चर हमखास भेटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही, पण मुदत घालून, मोजमाप ठरवून आणि बाकीचं काही न सोडता. या तीन अटी पाळणं जमणार नसेल तर न केलेलं बरं. सुईमुळे सहसा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सुयांच्या भरवशावर वाया गेलेल्या महिन्यांमुळे.

पायरी १: आधी निदान पक्कं करा

एमसीआयची आज वापरली जाणारी व्याख्या अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेल्या निकषांवर उभी आहे. स्मरणशक्ती वा विचारक्षमता वयाच्या मानाने कमी झालेली आहे, ते चाचणीतही दिसतं, पण माणूस आपले रोजचे व्यवहार स्वतः सांभाळतो आहे, असा त्याचा अर्थ. व्यवहार सांभाळता येईनासे झाले की ती डिमेन्शियाची हद्द. हा फरक लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीत तो लागेल.

एमसीआय म्हणजे डिमेन्शियाचं तिकीट कापलं गेलं, असं नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६० ते ६४ वयोगटात साधारण ६.७ टक्के लोकांना एमसीआय असतो, ८० ते ८४ वयोगटात हेच प्रमाण २५.२ टक्क्यांवर जातं. पासष्टीपुढच्या एमसीआय असलेल्यांपैकी दोन वर्षांत १४.९ टक्के लोक डिमेन्शियाकडे गेले. उरलेले तिथेच राहतात किंवा सुधारतातही. काहीही विशेष न करता पुन्हा सामान्य पातळीवर आलेल्यांची संख्या काही अभ्यासांत सातात एक, तर काहींत निम्म्याहून अधिक निघाली. त्यांच्यातले काही पुढे पुन्हा घसरतात, हेही खरं. पण ‘मला सुयांनी बरं वाटलं’ हे वाक्य ऐकताना हे आकडे डोक्यात असू द्यात.

विसराळूपणाची काही कारणं साध्या उपचारांनी दूर होतात, म्हणून कोणत्याही उपचारकाकडे जाण्याआधी ती तपासून घ्यायलाच हवीत. रक्तात बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचं काम मंदावणं, सोडियम घटणं. मधुमेहावर मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं, तरीही ते तपासायचं राहून जातं. नैराश्य आलं की लक्ष लागत नाही, आणि लक्षच न लागलेली गोष्ट आठवणार कुठून? झोपेत श्वास अडकणं म्हणजे स्लीप ॲप्निया, मद्यपान, कमी ऐकू येणं, हीसुद्धा स्मरणशक्तीच्या तक्रारीचा मुखवटा घालून येतात.

सगळ्यात दुर्लक्षित कारण मात्र घरातल्या औषधांच्या डब्यात असतं. सर्दी-ॲलर्जीवरचं डायफेनहायड्रामिन, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलीन, लघवीच्या तक्रारीवरचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेच्या काही गोळ्या: ही औषधं वयस्कर मेंदूला सुस्त करतात. चालू असलेली सगळी औषधं, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा, एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. मनाने काहीही बंद करू नका. झोपेच्या गोळ्या तर एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

विसराळूपणा काही दिवसांतच अचानक वाढला असेल, पडून डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाला असेल, सोबत बोलणं अडखळत असेल किंवा एका बाजूचं बळ कमी झालं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालयात जा.

निदान लवकर करून घेण्याचं आणखी एक कारण २०२३ पासून पुढे आलं आहे. अल्झायमरमुळे झालेल्या एमसीआयसाठी आणि सौम्य डिमेन्शियासाठी लेकॅनेमॅब, आणि २०२४ मध्ये डोनॅनेमॅब, या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ती आजार उलटवत नाहीत, घसरण थोडी मंदावतात, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. सगळ्यांना ती लागू पडत नाहीत. पण ती सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत, आणि त्यांचा विचारही करायचा तर हा टप्पा सुयांची वाट बघण्यात निसटून चालत नाही.

पायरी २: पुरावा किती, ते समजून घ्या

एमसीआय आणि ॲक्युपंक्चर यांवरचे बहुतेक अभ्यास चीनमधले आणि आकाराने लहान आहेत. २०१६ साली स्मृतीशी निगडित एमसीआयवरच्या पाच चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात मिळून ५६८ रुग्ण होते. ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांचे गुण निमोडिपिन हे औषध घेणाऱ्यांपेक्षा बरे आले. वाचायला छान वाटतं. आता बारकावे बघा. स्मृती आणि विचारक्षमता तपासणाऱ्या, तीस गुणांच्या एमएमएसई या प्रश्नावलीत फरक सुमारे एका गुणाचा होता. निमोडिपिन ही एमसीआयवरची मान्य उपचारपद्धती नाही, मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्यावर मुख्यतः ते वापरतात. म्हणजे तुलना अशा औषधाशी झाली ज्याचा इथे उपयोग होतो की नाही हेच ठरलेलं नाही. शिवाय चाचण्यांचा दर्जा कमी असल्याचं विश्लेषण करणाऱ्यांनी स्वतःच नोंदवलं आहे.

दुसरी अडचण तुलनेचीच. गोळीच्या अभ्यासात साखरेची गोळी देता येते, सुईच्या अभ्यासात काय द्यायचं? १९९८ साली जर्मन संशोधकांनी नाटकातल्या सुऱ्यासारखी, टेकवली की टोक आत सरकणारी नकली सुई वापरात आणली. रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं, पण सुई कातडीत शिरत नाही. तरीही उपचारकाला खरं काय ते माहीत असतंच, आणि कातडीवरचा तो स्पर्शही अगदीच निष्क्रिय नसतो. त्यामुळे खऱ्या आणि नकली सुईतला फरक कमी निघाला की एक बाजू म्हणते ‘उपचार खोटा’, दुसरी म्हणते ‘नकली सुईचाही उपयोग होतो’. स्मृतीच्या बाबतीत हा वाद मिटेल इतके मोठे, नीट आखलेले अभ्यास अजून झालेले नाहीत.

उंदरांच्या मेंदूवरचे निबंध ढिगाने आहेत. उपचारकाने ते पुढे केले तर ऐकून घ्या, निर्णय त्यावर करू नका.

मग करावंच कशाला? कारण धोका कमी आहे, काहींना झोप आणि अस्वस्थता यांत फरक जाणवतो, आणि या दोन्ही गोष्टी सुधारल्या तर लक्ष थोडं बरं लागू शकतं. एवढीच अपेक्षा मला प्रामाणिक वाटते.

पायरी ३: कोणी थांबावं

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं विजेवरचं कोणतंही उपकरण असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडणारा प्रकार, म्हणजे इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर, टाळा. फिट येण्याचा इतिहास असेल तर डोक्यावर वीजप्रवाह नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या, उथळ सुया बहुधा चालतात, पण आधी डॉक्टरांना विचारायचं आणि उपचारकालाही सांगायचं. त्यातल्याच वॉरफरिनवर असलेल्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, हल्लीच तपासलेला असावा. प्रतिकारशक्ती फार कमी झाली असेल तर थांबा. एखाद्या जागी जखम किंवा संसर्ग असेल, किंवा लसिकाग्रंथी काढल्यामुळे हातापायाला सूज असेल, तर त्या भागात सुई नको. निकेलची ॲलर्जी असेल तर सांगा.

आणि ज्याच्यावर उपचार होणार आहेत त्याला हवं आहे का? एमसीआय असलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःचा निर्णय घेण्यास पूर्ण समर्थ असतो. मुलांच्या आग्रहाखातर टेबलावर आडवं होऊन दात-ओठ आवळून बसलेल्या माणसाला त्यातून काय मिळणार? त्यांना नीट सांगा, होकार त्यांच्या तोंडून येऊ द्या.

पायरी ४: पहिल्या सुईआधी मोजमाप

ही पायरी बहुतेक जण गाळतात. नंतर मग ‘जरा फरक वाटतोय’ या वाक्यावर महिनोन्‌महिने उपचार चालू राहतात.

स्मृती आणि विचारक्षमता तपासणारी मोका नावाची चाचणी झियाद नसरेद्दीन यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. तीस गुणांची, साधारण दहा मिनिटांची, आणि सौम्य बिघाड टिपण्यात एमएमएसईपेक्षा अधिक संवेदनशील. २६ किंवा त्याहून अधिक गुण सर्वसाधारण धरतात, शिक्षण बारा वर्षं वा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. ही चाचणी ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत, आणि ती घेण्याचं प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीकडून व्हावी. घरी मोबाइलवर स्वतःच घेतलेली चाचणी मोजमापासाठी धरू नका.

दोन गोष्टींची खबरदारी घ्या. तीच चाचणी पुन्हा दिली की प्रश्न ओळखीचे होतात आणि गुण वाढतात. त्याचा सुईशी संबंध नाही. म्हणून दुसऱ्या वेळी मोकाची पर्यायी आवृत्ती मागा. दुसरं म्हणजे मोजणारा माणूस उपचार करणारा नसावा. आपल्याच हाताने केलेल्या कामाचे गुण आपणच लावायचे म्हटल्यावर चांगल्या माणसाचाही हात सैल सुटतो.

चाचणीच्या गुणांपेक्षा मला घरातली वही जास्त उपयोगी वाटते. रोजच्या आयुष्यातल्या तीन ठोस गोष्टी निवडा: औषध आठवणीशिवाय घेतलं का, एकच प्रश्न पुन्हा विचारला का, ठरलेलं काम वेळेवर झालं का. रोज रात्री घरातल्या एकाच व्यक्तीने ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. शेजारी झोप किती तास झाली ते. उपचार सुरू होण्याआधी निदान तीन आठवडे ही वही भरलेली असावी, म्हणजे चांगले-वाईट दिवस मुळातच किती असतात ते कळतं. या काळात नवं औषध किंवा नवा व्यायाम सुरू झाला तर त्याची तारीख टाका.

पायरी ५: उपचारक निवडताना

तुम्ही राहता तिथल्या कायद्याप्रमाणे ॲक्युपंक्चर करण्याची परवानगी आणि नोंदणी त्यांच्याकडे आहे का, हे पहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रशिक्षण आणि सुरक्षिततेच्या मार्गदर्शक सूचना १९९९ मध्येच काढल्या आहेत, त्यामुळे ‘आमच्यात असं काही नसतं’ हे उत्तर स्वीकारू नका. सुया निर्जंतुक, बंद पाकिटातल्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं, वापरलेल्या सुया जाड भिंतीच्या डब्यात टाकल्या जाव्यात.

मग प्रश्न विचारा. वयस्कर रुग्णांचा अनुभव किती? आमच्या डॉक्टरांशी बोलाल का? किती सत्रांनंतर थांबायचं ठरवाल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं. ‘काही आठवड्यांत फरक नसेल तर थांबू’ म्हणणाऱ्याकडे जा. ‘शरीराला वेळ द्यावा लागतो’ एवढंच म्हणत राहणाऱ्याकडे नको. डिमेन्शिया टळेल असं वचन देणारा, चालू गोळ्या बंद करायला सांगणारा किंवा वर्षभराचे पैसे आधीच मागणारा भेटला तर तिथून उठा.

सोबत काढे-पुड्या सुचवल्या जातात. त्यात काय आहे ते नावानिशी लिहून घ्या. ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेल्या काही चिनी वनस्पतींनी मूत्रपिंड निकामी झाल्याची आणि कर्करोग झाल्याची प्रकरणं वैद्यकीय इतिहासात नोंदलेली आहेत. गिंको बिलोबा स्मृतीसाठी फार खपतं, पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ३,०६९ जणांवरच्या अमेरिकी अभ्यासात त्याने डिमेन्शिया रोखला नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत ते जपूनच घ्यावं लागतं.

पायरी ६: प्रत्यक्ष सत्र

अभ्यासांमध्ये साधारण आठवड्यातून दोन-तीन सत्रं, प्रत्येकी वीस-तीस मिनिटं, आठ ते बारा आठवडे, असा ढाचा सर्रास दिसतो. आठवड्यातून एकदा जाऊन ‘उपयोग नाही’ म्हणण्यातही अर्थ नाही, आणि रोज जाऊन थकण्यातही.

स्मृतीसाठी बिंदू बऱ्याचदा ठरलेले असतात. मुख्य म्हणजे बाईहुई: दोन्ही कानांच्या शेंड्यांना जोडणारी रेषा डोक्याच्या मध्यरेषेला जिथे छेदते तिथे. त्याच्या पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे एकेक अंगठ्याच्या रुंदीवर सीशेनकाँगचे चार बिंदू. कपाळावर केसांच्या रेषेच्या किंचित आत शेनटिंग. मनगटाजवळ नेइग्वान आणि शेनमेन, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला झूसानली, घोट्याच्या आतल्या बाजूला सानयिनजियाओ आणि ताइशी. डोक्यावरच्या सुया सरळ खाली जात नाहीत, कातडीखालून आडव्या सरकवल्या जातात. सुई साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर जाड, इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळच बारीक. जड होणं, ताण, झिणझिण्या असं वाटू शकतं, त्याला उपचारक ‘दे ची’ म्हणतात. कळ आली किंवा विजेसारखा झटका बसला तर लगेच सांगायचं, सहन करत बसायचं नाही.

उपचारक नाडी बघून ‘तुमची किडनी कमकुवत आहे’ म्हणाले तर दचकू नका. चिनी परंपरेत मेंदूला मज्जेचा सागर मानतात आणि ती मज्जा ‘किडनी’च्या सत्त्वातून भरते अशी कल्पना आहे. ही किडनी रक्ततपासणीतली नव्हे.

मानेच्या मागे, कवटीच्या कडेखाली फेंगची नावाचा बिंदू आहे. तिथे खोल गेलेली सुई धोक्याची ठरू शकते. खांद्यावर आणि छातीवर तर फुप्फुसाला छिद्र पडण्याचा धोका असतो. स्मृतीसाठी छातीवर खोल सुया कशाला, असा प्रश्न विचारायला संकोचू नका. या कारणांमुळेच घरी सुया विकत आणून प्रयोग करू नयेत.

एमसीआय असलेल्यांसाठी काही गोष्टी वेगळ्याने सांभाळाव्या लागतात. सोबत कोणीतरी असावं, कारण मागच्या सत्रानंतर चक्कर आली होती हे सांगायचं रुग्णाच्याच ध्यानात राहील असं नाही. औषधांचा कागद दर वेळी न्यावा. पहिली काही सत्रं आडवं पडूनच घ्यावीत, उपाशीपोटी जाऊ नये, कारण सुई लागताच भोवळ येणारे असतात. सुया लावून खोलीत एकटं सोडू नये, निदान हाताशी घंटा असावी: अर्धवट गुंगीतून उठून चालू लागलेला माणूस स्वतःला इजा करून घेईल. आणि सुया मोजाव्यात. किती लावल्या, किती काढल्या, हे मोठ्याने. केसांत सुई राहून जाण्याचे प्रकार घडतात.

पायरी ७: दुष्परिणाम

जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ८.६ टक्के लोकांना निदान एक दुष्परिणाम जाणवला, बहुतेकांना किरकोळ रक्त येणं, काळंनिळं पडणं किंवा दुखणं. फुप्फुसाला छिद्र पडण्याच्या दोन घटना नोंदल्या गेल्या. हे काम प्रशिक्षित डॉक्टरांनी केलेलं होतं, हे लक्षात घ्या. सुया काढल्यावर डोक्यावर कापूस दाबून धरा, तिथे रक्त लवकर थांबत नाही. सत्रानंतर लगेच गाडी चालवू नये. श्वास लागला, छातीत दुखलं, ताप आला किंवा टोचलेली जागा लाल होऊन सुजली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायरी ८: जे सोडायचं नाही

एमसीआयसाठी २०१८ च्या त्याच सूचनांनी आठवड्यातून दोनदा नियमित व्यायामाची शिफारस केली. २०१९ मध्ये आलेल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचा रक्तदाब १२० खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्या गटात एमसीआयचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी दिसलं. किती खाली आणायचा हे मात्र प्रत्येकाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. २०२३ च्या अचीव्ह अभ्यासात सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही, पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता त्यांच्यात श्रवणयंत्र आणि श्रवणविषयक मदतीने तीन वर्षांतली घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. कानाला यंत्र नको पण डोक्यात सुया चालतील, असं म्हणणारी मंडळी असतात. वेळ आणि पैसा एकाच गोष्टीपुरता असेल तर मी श्रवणयंत्र निवडेन.

पायरी ९: मुदत संपल्यावर

बारा आठवडे झाले की चाचणी पुन्हा, त्याच व्यक्तीकडून, दिवसाच्या त्याच वेळी, पण सत्राच्या दिवशी नको. एक-दोन गुणांचा फरक एखाद्या रात्रीच्या झोपेनेही पडतो, त्याला सुधारणा म्हणू नका आणि घसरणही नको. वही उघडा आणि पहिले तीन आठवडे शेवटच्या तीनांशेजारी ठेवा.

काहीच हललं नसेल तर थांबा. ‘आता कुठे शरीर प्रतिसाद देतंय, अजून दहा घेऊ’ हे तेव्हा ऐकायला मिळेल, म्हणून मुदत आधीच कागदावर लिहिलेली असावी. स्मृती तशीच पण झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, असं दिसलं तर झोपेसाठी म्हणून पुढे चालू ठेवायला हरकत नाही. वहीत मात्र कारण तेच लिहा. स्मृती आणि झोप दोन्हींत स्पष्ट फरक असेल तर सहा आठवडे सुया बंद ठेवून वही चालूच ठेवा. फरक टिकला तर सत्रांची गरज नाही. ओसरला आणि पुन्हा सुरू केल्यावर परत आला, तर तुमच्या बाबतीत काहीतरी घडत असावं, आणि मग महिन्यातून किती सत्रं पुरतात हे हळूहळू कमी करत शोधता येतं.

यातलं काहीही झालं तरी डॉक्टरांकडची तपासणी सहा महिने ते वर्षाने होत राहायला हवी. हिशेब जमेनासे होणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, औषधं दोनदा घेतली जाणं, असं वहीत दिसू लागलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता ती वही घेऊन जा.